चाकोला जा, पण ट्रेलर मागे ठेवून

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत चाको कॅन्यनचे प्राचीन अवशेष आहेत. तिथल्या गॅलो कँपग्राउंडला ३५ फुटांपर्यंतचा (गाडीमागे ओढायचा, राहायचा) ट्रेलर चालतो, तेव्हा ३० फुटी बिनधास्त न्या, असं काहीजण सांगतात. नियम बरोबर आहे, पण तो उभं राहायच्या जागेचा, रस्त्याचा नव्हे. यूएस ५५० हा महामार्ग सोडल्यावर चाको कॅन्यन साधारण २१ मैल, त्यातले १३ कच्चे. मातीवर आडव्या वळ्या पडलेल्या असतात. ताशी दहा मैलांनी गेलात तरी आतली कपाटं उघडतात, स्क्रू ढिले होतात. पाऊस झाला की चिखल आणि वाटेतल्या ओढ्याला पाणी. दक्षिणेकडचा रस्ता तर आरव्हीसाठी (राहायच्या गाड्यांसाठी) विसराच.

माझं मत, ट्रेलर ब्लूमफील्ड-फार्मिंग्टन या गावांच्या भागात लावा आणि नुसता ट्रक घेऊन पहाटे निघा. टाकी भरून, डबा घेऊन. आत पेट्रोल नाही, खायलाही काही नाही.

चाकोतल्या प्वेब्लो बोनितोला घाई करू नका. नवव्या ते बाराव्या शतकात वाढत गेलेली ही वास्तू, सहाशेहून जास्त खोल्यांची. पूर्वेकडच्या खोल्यांत एकामागे एक ओळीत दारं आहेत, वाकूनच जावं लागतं (उंच मंडळींनी डोकं सांभाळा). भिंतींतले पातळ दगड इतके नीट बसवलेत की हात लावायचा मोह होतो, लावू नका.

ट्रेलर सोडवतच नसेल तर अॅझ्टेक गावातले अॅझ्टेक रुइन्स हे प्राचीन अवशेष बघा. डांबरी रस्ता, गावातच, आणि तिथला पुन्हा बांधलेला मोठा कीवा (विधींसाठीची गोल खोली) आत उतरून पाहता येतो.