सेफ (Ceph) स्टोरेजवर तीन प्रती आहेतच, मग डिस्कची चिंता कशाला? (म्हणे)

जुना_खिळा: कालचा सल्ला वाचून डोकं फिरलं: 'स्टोरेज तीन प्रती ठेवतोच, कॅसँड्रा खुशाल सेफवर टाका.' अहो, सेफ म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेलं सामायिक स्टोरेज, आणि कॅसँड्रा (डेटाबेस) स्वतःच आपल्या प्रती वेगवेगळ्या नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवते. कॅसँड्राच्या ३, त्या प्रत्येकीच्या सेफमध्ये ३. १ टीबी डेटाला ९ टीबी डिस्क, आणि कॉम्पॅक्शनचं (जुन्या फायली एकत्र करून पुन्हा लिहिण्याचं) सगळं लेखन तिप्पट होऊन नेटवर्कवर. वर तिन्ही नोडचे ब्लॉक त्याच ओएसडींवर (सेफची एकेक डिस्क सांभाळणारे प्रोग्राम). एक ओएसडी ९५ टक्के भरला की त्या पूलचं (सेफमधल्या साठ्याच्या विभागाचं) लेखन बंद, तिन्ही नोड एकदम आडवे. कोरम (बहुमताचा होकार) काय चाटायचाय?

रात्रपाळी: सल्ला माझाच होता. लोकल एनव्हीएमईवरचा (सर्व्हरमधल्याच वेगवान एसएसडीवरचा) ४ टीबीचा नोड गेला तर? सेकंदाला २०० एमबीने शेजाऱ्यांकडून ओढायला साडेपाच तास. सेफवर व्हॉल्यूम दुसऱ्या होस्टला जोडला की काम झालं. नऊ प्रती खुपत असतील तर पूलची प्रत १ करा.

जुना_खिळा: हे कृपा करून कुणी करू नका! आरबीडी इमेज (सेफची आभासी डिस्क) ४ एमबीच्या तुकड्यांत सगळ्या ओएसडींवर पसरते. एक डिस्क मेली की तिन्ही नोडच्या इमेजना भोकं. एचबेस डेटाबेसचं वेगळं आहे: तिथे प्रती एचडीएफएस ही खालची फाइल सिस्टिमच सांभाळते, रीजन (टेबलचा तुकडा) एकाच सर्व्हरकडे. अ‍ॅमेझॉनचा ऑरोरा डेटाबेस तर नेटवर्कवर डेटाची पानं पाठवतच नाही, फक्त रीडू लॉग (बदलांची नोंद). ६ प्रती, लिहायला ४ पुरतात. तिथे दोन्ही थर एकमेकांना ओळखून बांधलेत. आरबीडीला काय, नुसते ब्लॉक दिसतात.

फिओभक्त: प्रतींवर भांडताय, एफसिंकचं (लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरवण्याचं) काय? सेफ सगळ्या प्रती कमिट झाल्याशिवाय होकार देत नाही, म्हणजे सर्वांत मठ्ठ डिस्क वेग ठरवते. वीज गेल्यावर तग धरणारे कपॅसिटर नसलेले स्वस्त एसएसडी घातलेत ना? फिओ (डिस्कचा वेग मोजणारं साधन) चालवा: एफडेटासिंक १ (प्रत्येक लेखनानंतर सिंक), ब्लॉक २३०० बाइट. ९९ टक्के सिंक १० मिलिसेकंदांच्या आत हवेत.

रात्रपाळी: तो निकष एटसीडीचा (कुबरनेटिस वापरतं तो छोटा डेटाबेस). कॅसँड्रा कमिटलॉग (लेखनांची नोंदवही) मुळातच दर १० सेकंदांनी सिंक करते. माहिती घेऊन बोला.

फिओभक्त: तेच तर दुखणं! होकार आधी, डिस्क नंतर. तिन्ही नोडचे व्हीएम (आभासी सर्व्हर) एकाच वीजवाटेवर असतील आणि ती गेली, तर शेवटचे काही सेकंद पेज कॅशमध्येच (रॅममध्येच) मेले. सेफपर्यंत पोचलंच नाही ते. मग तो नऊ काय, नव्वद प्रती ठेवो. एचबेसचंही एवढं कौतुक नको: एचसिंक (एचडीएफएसमधलं डिस्कवर सिंक) चालू केल्याशिवाय वॉल (लेखनाची आगाऊ नोंद) डेटानोडांच्या (एचडीएफएसच्या सर्व्हरांच्या) मेमरीपर्यंतच पोचल्याची खात्री.

जुना_खिळा: एचबेसला कशाला मधे ओढता? प्रश्न सेफचा आहे.

रात्रपाळी: ठीक, एक पूल नको. रॅकनिहाय तीन पूल, प्रत्येकाला वेगळा क्रश नियम (डेटा कुठल्या डिस्कवर जाईल ते ठरवणारा), पूलमागे एक नोड, आत दोन प्रती. सहावर आलो. खूश?

जुना_खिळा: परवडत असेल तर चालेल. मॉनिटर (सेफचा नकाशा सांभाळणारे सर्व्हर) मात्र तिन्ही पूलना तेच, हे विसरू नका. त्यांचा कोरम गेला की सगळंच लटकलं. वेगळ्या रॅकमध्ये ठेवा.

फिओभक्त: मॉनिटरचा रॉक्सडीबीही (आतला डेटाबेस) सिंकवरच जगतो. फिओ तिथेही चालवा.