जुन्या मोटरहोमचे डंप व्हॉल्व्ह: ब्लॅकचा दांडा जड, ग्रेचा पूर्ण बंद होत नाही

मिशिगनकर

नमस्कार मंडळी. १९९५ ची क्लास सी मोटरहोम आहे, २७ फुटी, फोर्ड ई-३५० चासीवरची. ब्लॅक टँकचा (संडासाच्या मैल्याची टाकी) व्हॉल्व्ह ३ इंची, त्याचा दांडा थेट हाताला येतो. ग्रेची (शॉवर-सिंकच्या सांडपाण्याची) टाकी पलीकडच्या अंगाला असल्याने तिचा दीड इंची व्हॉल्व्ह केबलने ओढावा लागतो. दोन्ही गाडीबरोबरच आलेले दिसतात.

ब्लॅकचा दांडा ओढताना पाय टेकवून जोर लावावा लागतो. ग्रेची मूठ सहज बाहेर येते, पण आत ढकलली की शेवटच्या इंचाला अडते आणि हात सोडला की थोडी परत येते. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, दोन्हींच्या सामाईक तोंडाचं टोपण काढलं की होज लावायच्या आतच लिटरभर पाणी सांडतं.

१. सांडणारं पाणी ब्लॅकचं की ग्रेचं, हे काही न खोलता कसं ओळखायचं?
२. सील बदलून भागेल की अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा?
३. वंगण कोणतं लावायचं?

थंडी पडायच्या आत काम उरकायचं आहे.

पानाबोल्ट

खोलण्याआधी ओळख करून घ्याच, नाहीतर चांगला व्हॉल्व्ह निघतो आणि गळका तसाच राहतो.

दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवा. ब्लॅकमध्ये संडासातून आठ-दहा गॅलन स्वच्छ पाणी सोडा, ग्रे कोरडी ठेवा. तोंडाखाली बादली ठेवून टोपण काढा आणि अर्धा तास थांबा. मग ब्लॅक रिकामी करून हेच ग्रेला करा. दोन्ही एकदम तपासायच्या असतील तर ग्रेच्या पाण्यात खाण्याचा रंग घाला. थोड्या पाण्यावर काहीच ठिबकलं नाही तर टाकी पाऊण भरून पुन्हा बघा. गळती दाबावर असते आणि दाब पाण्याच्या उंचीवर, त्यामुळे पाव टाकीला कोरडा वाटणारा व्हॉल्व्ह भरल्या टाकीला ठिबकू लागतो.

टाक्या रिकाम्या आणि धुतलेल्या असताना तोंडातून बॅटरी मारून बघा. बऱ्याच गाड्यांत ब्लॅकची पाती (व्हॉल्व्हमध्ये सरकून वाट बंद करणारं पातं) सरळ समोर दिसते. दांडा पूर्ण आत असूनही कडेला चंद्रकोरीसारखी फट राहत असेल तर पाती खाचेत शेवटपर्यंत बसत नाही. कारण बहुतेक वेळा एकच: खाचेत दाबून बसलेला कागद आणि खडे झालेला मळ. पाती सरकून बंद होते, पण शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी खाच मोकळी असावी लागते. अशा वेळी जोराने ढकललं तर कचरा आणखी घट्ट बसतो. त्याऐवजी टाकीत अर्धी पातळी स्वच्छ पाणी भरा, होज लावा आणि पाणी वाहत असतानाच व्हॉल्व्ह झटक्यात उघडा, झटक्यात बंद करा, असं पाच-सहा वेळा. वाहतं पाणी खाच धुऊन काढतं. यानंतर फट गेली आणि गळती थांबली तर नवीन काही आणायची गरज नाही.

ग्रेची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही सांगताय ते लक्षण व्हॉल्व्हपेक्षा केबलचं आहे. ओढताना तार ताणली जाते म्हणून काम होतं. ढकलताना तीच तार नळीच्या आत वाकते, आणि नळीत पाणी शिरून गंज चढला असेल तर सगळा जोर त्या वाकण्यातच जातो, पातीपर्यंत पोचत नाही. मूठ परत बाहेर येते ती वाकलेली तार सरळ होताना. खात्री करायची तर गाडीखाली जाऊन केबल व्हॉल्व्हपासून सोडवा आणि पातीचा दांडा हाताने सरकवून बघा. हलका चालला तर व्हॉल्व्ह ठीक, केबल गेली. गंजलेली केबल तेल पाजून महिनाभर चालते, पुढे नाही. नवी बसवताना वळणं मोठ्या गोलाईची ठेवा आणि दर दीड-दोन फुटांवर चासीला बांधा. सैल लोंबणारी केबल ढकलताना हमखास बाक घेते.

गाडीखाली जाण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावल्याशिवाय नाहीच.

तापीकाठ

ब्लॅकबद्दल. पानाबोल्ट यांनी सांगितलेली धुलाई करूनही दांडा जडच राहिला तर तीस वर्षं जुन्या व्हॉल्व्हला नुसती सील घालू नका. पाती आणि दांड्याभोवतीचं छोटं सील, दोन्ही झिजलेली असतात. काम तेच, खोलाखोली तीच, म्हणून पूर्ण व्हॉल्व्ह बदललेला बरा. व्हॅल्टेराचा ब्लेडेक्स किंवा त्या मापाचा दुसरा कुठलाही चालेल, पण विकत घेण्याआधी बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजून घ्या. जुन्या गाड्यांत वेगळ्या कंपनीचे फ्लँज (पाइपच्या टोकाच्या, बोल्ट लावायच्या चकत्या) असतात आणि पाइप ३ इंचीच असला तरी भोकं जुळत नाहीत.

व्हॉल्व्ह दोन फ्लँजच्या मध्ये चार बोल्टनी आवळलेला असतो. बोल्ट पाव इंची, त्याला ७/१६ चा पाना लागतो, एक बोल्टच्या डोक्याला आणि एक नटला. गंजले असतील तर गंज सोडवणारं तेल फक्त नटवर, ब्रशने. फवारा मारू नका, काळ्या एबीएस प्लास्टिकच्या पाइपवर असली तेलं पडली की तिथे बारीक चिरा पडू शकतात. तरी सुटले नाहीत तर हॅकसॉच्या पात्याने कापून टाका, नवे बोल्ट स्टेनलेसचे घाला.

टाक्या धुतलेल्या असल्या तरी पाइपच्या उतारात लिटर-दोन लिटर पाणी उरतंच, खाली पसरट टब ठेवा. बोल्ट काढण्याआधी पाइपला खालून लाकडाचा टेकू द्या. टेकू नसेल तर पाइप खाली येतो, टाकीच्या तोंडाशी ताण पडतो, आणि तिथला सांधा तडकला तर टाकी उतरवावी लागते.

व्हॉल्व्ह सरकवून बाहेर काढला की दोन्ही बाजूंची सील कशी बसली आहेत त्याचा फोटो काढा. सीलची एक बाजू फ्लँजला बसायची, दुसरी पातीला घासायची, आणि उलटं बसलेलं सील पहिल्या दिवसापासून गळतं. फ्लँजची खाच प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा, स्क्रूड्रायव्हरने नको. तिथे ओरखडा पडला की नवं सीलही ठिबकणार.

खरी कसरत नवा व्हॉल्व्ह आत घालताना. पाइपांत फट जेमतेम व्हॉल्व्हच्या जाडीची असते, आणि सरकवताना सीलची कड दुमडते. बहुतेक नव्या व्हॉल्व्हची गळती इथेच जन्मते. सीलना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे ती फ्लँजला चिकटून राहतात. लाकडी पाचर हलकेच ठोकून फट पाव इंचाने वाढवा. खालचे दोन बोल्ट आधी आरपार घाला, म्हणजे व्हॉल्व्हला पाळणा मिळतो. वरून व्हॉल्व्ह सोडा, दोन्ही सीलच्या कडेने बोट फिरवून बघा, मगच पाचर काढा. बोल्ट हाताने आवळून झाले की पान्याने समोरासमोरचे, पाव-पाव फेरा. प्रत्येक फेरीनंतर दांडा एकदा सरकवायचा. जिथे तो जड व्हायला लागेल तिथे थांबा. जास्त आवळलं की सील दबून पाती अडते, आणि लोक मग व्हॉल्व्हच खराब निघाला असं म्हणतात.

चाचणी आधीसारखीच, फक्त पाऊण टाकी भरून रात्रभर.

रानवाटा

दुरुस्ती झाली की वापराची पद्धत बदलली पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत पुन्हा हाच धागा काढावा लागेल.

कॅम्पग्राउंडवर सीवर जोडलेलं असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका. उघडा ठेवला की पातळ वाहून जातं आणि घट्ट मैला तोंडाशी साचून वाळतो, नेमका पातीच्या वाटेत. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या आणि मग एकदम सोडा. भरलेल्या टाकीचा लोंढाच घाण ओढून नेतो.

आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी होज धुऊन नेतं. टोपण काढण्याआधी दोन्ही मुठी आत आहेत ना हे हाताने ढकलून बघा. होजचे कान फिरवून पूर्ण अडकले का तपासा, दुसरं टोक सीवरच्या तोंडात आट्यांच्या अडॅप्टरने बसवा. तसा अडॅप्टर नसेल तर टोक खोल घालून वर वजन ठेवा. व्हॉल्व्ह उघडायचा तो पूर्ण. अर्धवट उघडलेल्या पातीच्या धारेवर कागद अडकतो आणि बंद करताना तोच खाचेत जातो.

रिकामी झाल्यावर ब्लॅकमध्ये लगेच एक-दोन गॅलन पाणी टाका. कोरड्या तळावर पहिला मैला पडू द्यायचा नाही. कागदाची परीक्षा सोपी आहे: चार तुकडे पाण्याच्या बरणीत घालून हलवा, लगदा झाला तर चालेल, चिंध्या राहिल्या तर नको. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टाकीत नकोत.

नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. होज धुवायचा नळ वेगळा, पिण्याच्या पाण्याच्या होजला तिथे हातही लावायचा नाही.

मिशिगनकर

सगळ्यांचे आभार, फार उपयोगी माहिती. दोन शंका उरल्या. संडासातून खाण्याचं तेल ओतलं की सील मऊ राहतं असं अनेकांकडून ऐकलं आहे, ते खरं का? आणि तोंडावर फिरवून बसणारा जादा व्हॉल्व्ह मिळतो, तो लावून ही ट्रिप काढता येईल का?

पानाबोल्ट

तेल पाण्यावर तरंगतं आणि व्हॉल्व्ह असतो तळाला. भरत्या टाकीत ओतलेलं तेल सीलला शिवतच नाही, टाकीच्या भिंतींवर आणि सेन्सरवर थर धरतं, मग पॅनलवर टाकी कायम भरलेली दिसते. टाकीतून सोडायचंच असेल तर टाकीसाठीचं सिलिकॉनवालं वंगण घ्या आणि डंप केल्यावर, टाकी रिकामी असताना ओता. व्हॉल्व्ह दोन-तीनदा उघडबंद करा, मग रानवाटा म्हणतात ते पाणी टाका.

त्याहून परिणामकारक बाहेरून: टाकी रिकामी, व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे दांडा पूर्ण बाहेर. फडक्याने पुसा, सिलिकॉन ग्रीस चोळा, दहा वेळा आत-बाहेर. दर दोन-तीन महिन्यांनी. पेट्रोलियमवालं काही नको, व्हॅसलिनसुद्धा नको. तुमच्या सीलचं रबर कोणतं हे बाहेरून कळत नाही, आणि काही रबरं त्याने फुगून पाती जास्तच अडवतात.

तापीकाठ

जादा व्हॉल्व्हने ट्रिप निघेल. त्याच्यामागे पाणी साचलेलं असेल हे धरूनच चाला: आधी त्याला होज जोडा, मगच तो उघडा. पारदर्शक घेतलात तर काय साचलंय ते दिसतं. पण गळती तिथेच राहते, फक्त लपते. दोन्ही आतले व्हॉल्व्ह गळके असतील तर मधल्या पाइपमधून टाक्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि ब्लॅकची पातळी वर असली तर तिचं पाणी ग्रेमध्ये शिरतं. पहिला वास शॉवरच्या जाळीतून येतो.

मिशिगनच्या थंडीसाठी: बाहेरचा व्हॉल्व्ह काढून ठेवा, मधलं पाणी गोठलं तर पाइप फुटतो. दोन्ही टाक्या रिकाम्या करून व्हॉल्व्ह बंद करा आणि प्रत्येकीत साधारण एक क्वार्ट गुलाबी आरव्ही (मोटरहोमसाठीचं) अँटिफ्रीझ सोडा. ते तळाला, पातीशी जमलं पाहिजे. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं वापरू नका, ते विषारी असतं. आणि थंडीत एखादा दांडा हललाच नाही तर ओढू नका, दांडा पातीपासून तुटून हातात येतो. व्हॉल्व्हवर हेअर ड्रायर धरा, जवळून नको, पाच-दहा मिनिटं, आणि मग हळूच हलवून बघा.