मदत हवी आहे: जुन्या फ्लॅश ॲनिमेशनचा व्हिडिओ करताना आवाज जुळत नाहीये

२००७ साली मित्राबरोबर केलेलं दीड मिनिटाचं फ्लॅश ॲनिमेशन जुन्या सीडीवर सापडलं. हातात फक्त एसडब्ल्यूएफ (तयार ॲनिमेशनची) फाइल आहे, मूळ एफएलए (ज्यात बदल करता येतात ती) हरवली. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरच बंद पडलाय, म्हणून रफल या फ्लॅश फाइल चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिली. चित्रं नीट दिसतात, आवाजही येतो. मित्राचा इतका जुना आवाज ऐकून अंगावर काटा आला.

घोडं अडलंय व्हिडिओपाशी. स्क्रीन रेकॉर्ड केली तर शेवटाकडे ओठ आणि आवाज यांत जवळपास सेकंदाचा फरक पडतो. मग जेपेक्सने (फ्लॅश फाइल उलगडून आतलं बाहेर काढणारा प्रोग्राम) फ्रेम पीएनजी चित्रांत काढल्या, आवाज वेगळा काढला आणि सेकंदाला १२ फ्रेम धरून एफएफएमपेग या व्हिडिओ-आवाज जोडणाऱ्या प्रोग्रामने जोडलं. तरी तेच! आवाज 'स्ट्रीम' नसून 'इव्हेंट' प्रकारचा आहे, त्यामुळे तो टाइमलाइनला बांधलेला नसावा, असा माझा अंदाज.

लॅपटॉप विंडोजचा आहे. ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल चढवायची नाही, जुना प्लगइनही नको. फाइलमध्ये बटणं नाहीत, सरळ एकच टाइमलाइन आहे.

प्रत्येक आवाज नेमका कोणत्या फ्रेमला सुरू होतो हे जेपेक्समध्ये कुठे बघायचं? आणि ते कळल्यावर एफएफएमपेगमध्ये प्रत्येक तुकडा त्याच्या जागी कसा बसवायचा?