मदत हवी आहे: डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ निघालं, पिनियन सील घरीच बदलू का?

१९९८ ची फोर बाय फोर जीप. पावसाळ्यात ताम्हिणीकडे ओढ्यातून काढली होती, मागचं डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) बघायचं राहूनच गेलं. रविवारी पार्किंगमध्ये मुहूर्त लागला. आधी ऑइल भरायचा फिलर प्लग सैल केला (ऑइल सोडल्यावर तोच अडकला तर गाडी जागेवरच बसते), मग ऑइल सोडायचा ड्रेन प्लग. ऑइल म्हणजे दूध जास्त झालेली कॉफी! ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलाने बुजलेला. गरम हाउसिंग गार पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसली आणि सीलमधून पाणी ओढलं गेलं असणार. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, तो चालतो. पण त्यात तांदळाच्या कणीएवढा चकचकीत तुकडा निघाला. तेव्हापासून झोप नाही.

ब्रीदर साफ केला, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल भरलं. नाना पेठेतून पिनियन सील (प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलला जोडतो तिथलं ऑइल सील) आणून ठेवलंय. आता, पिनियनच्या नटवर खूण करून, फेरे मोजून परत तिथवरच आवळला तर चालेल, की क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून पिनियन बेअरिंगवरचा ताण ठरवणारी नळी) नवीनच हवी? प्रीलोड (बेअरिंगवरचा तोच ताण) मोजायचा छोटा टॉर्क रेंच कोथरूडच्या आसपास कोणी दोन दिवस देईल का? आणि त्या कणीपायी कव्हर उघडून गिअरचे दात बघू का? घाटात ॲक्सिलरेटर सोडला की हलकी घूं-घूं येते. बायको म्हणते ती आधीपासूनच होती.