मुलांच्या सुट्टीतील कार्यक्रमासाठी ‘द बॉईज’ : सभासदांची चर्चा

ए-२०२ (सांस्कृतिक समिती): सर्व सभासदांना नमस्कार. सुट्टीत क्लबहाऊसमध्ये मुलांना मोठ्या पडद्यावर दाखवण्यासाठी ‘द बॉईज’ ही सुपरहीरोंची मालिका काही जणांनी सुचवली आहे. कोणाची हरकत असल्यास कृपया आजच कळवावे.

सी-५०४: काकू, माझी ठाम हरकत आहे. मालिका अप्रतिम आहे, परंतु ती केवळ प्रौढांसाठी आहे. पहिल्याच भागात ह्यूई हा साधा तरुण प्रेयसीचे हात हातात घेऊन बोलत उभा असताना ए-ट्रेन नावाचा वेगवान ‘वीर’ तिच्या अंगातून धावत निघून जातो आणि ह्यूईच्या हातात तिचे तुटलेले हात तेवढे उरतात. त्यानंतर या वीरांना सांभाळणारी व्हॉट कंपनी त्याच्यापुढे ४५ हजार डॉलर आणि तोंड बंद ठेवण्याचा करार ठेवते. हे लहान मुलांच्या पचनी पडणारे नाही.

बी-३०१: मुलांना दाखवू नये हे मान्य. पण इतका रक्तपात असलेल्या मालिकेला अप्रतिम का म्हणावे, हे मला समजले नाही.

सी-५०४: काका, मूळ कॉमिक गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचे. ते २००६ मध्ये डीसी या कॉमिक प्रकाशन संस्थेच्या वाइल्डस्टॉर्म या शाखेतून निघू लागले, पण सहा अंकांनंतर तिथे बंद झाले आणि पुढे डायनामाइट या दुसऱ्या प्रकाशकाने ते २०१२ पर्यंत, ७२ अंकांपर्यंत चालवले. त्यातही रक्तपात आहे आणि माझ्या मते पुष्कळदा तो निव्वळ धक्का देण्यासाठी आहे. एरिक क्रिप्के यांनी २०१९ मध्ये आणलेल्या मालिकेत मात्र तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी फायद्याशी जोडलेला दिसतो, कारण कॉमिकमध्ये प्रामुख्याने शस्त्रास्त्रांचा धंदा करणारी व्हॉट इथे चित्रपट, जाहिराती आणि जनमत चाचण्याही सांभाळते.

पहिल्या पर्वातला विमानाचा प्रसंग पाहा. अपहरण झालेल्या विमानात व्हॉटचा सर्वांत बलाढ्य वीर होमलँडर आणि त्याची सहकारी क्वीन मेव्ह शिरतात आणि होमलँडरच्या डोळ्यांतील किरणांनी विमानाची नियंत्रण यंत्रणाच जळून जाते. निदान काही जणांना तरी वाचवू या, अशी मेव्ह विनवणी करते, पण जिवंत राहिलेला माणूस घडलेले सांगेल म्हणून तो सगळ्यांना मरायला सोडतो आणि पुढे त्याच विमानाच्या अवशेषांपाशी उभा राहून, सुपरहीरोंना सैन्यात घेतले असते तर हे टळले असते, असे भाषण करतो. होमलँडर साकारणाऱ्या अँटनी स्टार यांच्या चेहऱ्यावरचे दुःख त्या वेळी इतके खरे वाटते की अंगावर काटा येतो.

ई-१०३: ताई, ही मालिका अॅमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीने काढली आहे. बड्या कंपन्यांवरची टीका त्यामुळे बोथट होत नाही का? शिवाय ‘जेन व्ही’सारख्या उपमालिका काढून तेही शेवटी व्हॉटसारखेच एकातून दुसरे उत्पादन विकत आहेत.

सी-५०४: तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मलाही तो खटकतो. तरीही टीका बोथट झाली आहे, असे मला वाटत नाही. हे वीर जन्मजात नसून त्यांना तान्हेपणी कंपाउंड व्ही हे शक्ती देणारे रसायन टोचलेले असते, आणि स्टारलाइट या तरुण नायिकेच्या आईने आपल्या मुलीसाठी ते स्वतःच मान्य केलेले असते, म्हणजे मालिका पालकांनाही सोडत नाही. प्रेक्षकांनाही सोडत नाही. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस होमलँडर भर गर्दीत एका निदर्शकाला ठार करतो. क्षणभर शांतता पसरते आणि मग त्याचे समर्थक जल्लोष करतात.

बी-३०१: विमानाचा तो भाग मी पाहीन. मात्र नातू झोपल्यावरच.

ए-२०२: सर्वांचे आभार. मुलांच्या यादीतून ही मालिका काढली आहे. प्रौढ सभासदांसाठी पहिले दोन भाग एखाद्या शनिवारी रात्री दाखवता येतील. ज्यांना यायचे आहे त्यांनी फ्लॅट क्रमांक कळवावा आणि मुलांना सोबत आणू नये.