जुन्या टेलिमॅटिक्स यंत्रात फक्त मोडेम बदलावा, की बोर्डच नव्याने आखावा?

मूळ मांडणी
आमच्या वाहनयंत्रात, म्हणजे गाडीची माहिती मोबाइल नेटवर्कवरून पाठवणाऱ्या टेलिमॅटिक्स यंत्रात, अजून थ्रीजी मोडेम आहे. अमेरिकेत एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन या तिन्ही कंपन्यांनी २०२२ या एकाच वर्षात थ्रीजी बंद केले आणि ज्या गाड्यांतील यंत्रे बदलली नव्हती त्यांचा संपर्क तुटला. ती वेळ येण्याआधी बदल करावा, यावर आमच्यात दुमत नाही. वाद आहे तो किती बदल करावा याचा. त्याच जागी बसणारे पिन-सुसंगत कॅट १ बिस (एलटीई म्हणजेच फोरजीचा कमी वेगाचा प्रकार) मॉड्यूल घ्यावे आणि बाकी बोर्डाला हात लावू नये, असे माझे मत आहे. १० एमबीपीएस डाउनलोड आणि ५ एमबीपीएस अपलोड हा वेग आम्हाला पुरून उरतो, आणि हे मॉड्यूल एकाच अँटेनावर चालते.

प्रतिसाद १
पिना जुळल्या म्हणजे यंत्र जुळले, हे मला मान्य नाही. आपला अँटेना बहुधा ९०० आणि २१०० मेगाहर्ट्झसाठी जुळवलेला असेल. एलटीईचे दूरवर पोहोचणारे अनेक बँड ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहेत. तिथे तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर होते आणि तळहाताएवढ्या बोर्डाचा ग्राउंड-प्लेन (अँटेनाला आधार देणारा तांब्याचा थर) तोकडा पडतो. टेबलावरील चाचणीत हे कळणार नाही, डॅशबोर्डच्या आत धातूच्या पट्टीशेजारी यंत्र बसवल्यावर कळेल. कॅट १ बिसमध्ये दुसऱ्या अँटेनाचा आधार नसतो, म्हणून तो एकच अँटेना निर्दोष हवा.

प्रतिसाद २
मी मूळ मांडणीच्या बाजूने आहे, पण टूजीची पर्यायी सोय ठेवणार असाल तर वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर काढू नका. टूजी प्रक्षेपणात २ अँपिअरपर्यंतचे झटके येतात, एलटीईमध्ये तसे येत नाहीत.

प्रतिसाद ३
कॅट एम१, म्हणजे एलटीईचाच कमी वीज वापरणारा प्रकार, का नको? उभ्या गाडीची बॅटरी वाचते, तळघरातही पोच मिळते आणि चालत्या गाडीत टॉवर बदलतानाही संपर्क टिकतो.

मूळ लेखकाचे उत्तर
कॅट एम१ ची ती पोच तोच संदेश पुनःपुन्हा पाठवून मिळते, त्यामुळे सिग्नल दुर्बळ असतो तिथेच वेग सर्वांत कमी होतो. मोबाइल नेटवर्कवरून आपले फर्मवेअर (आतील सॉफ्टवेअर) बदलणाऱ्या यंत्राला हे परवडत नाही. शिवाय ही सेवा प्रत्येक नेटवर्कवर नाही. अँटेनाबद्दलचा आक्षेप मात्र मला पटला आहे. नवे मॉड्यूल जुन्या बोर्डावर बसवून, प्रत्यक्ष डॅशबोर्डमध्ये ठेवून, ७०० मेगाहर्ट्झवरील कार्यक्षमता आधी मोजतो. ती अपुरी निघाली, तर बोर्ड नव्याने आखण्यास माझा विरोध राहणार नाही.

प्रतिसाद १
मोजमाप चांगलेच, पण आपत्कालीन कॉलचाही त्यात समावेश करा. थ्रीजीवरील आवाज जुन्या सर्किट पद्धतीने जात होता; आता व्होएलटीई (एलटीईवरून आवाज पाठवण्याची सोय) लागेल. ते प्रत्येक कॅट १ बिस मॉड्यूलमध्ये नसते, आणि ध्वनीची वायरिंग बदलावी लागली तर बोर्डाला हात लावावाच लागेल.