कॉट्सवोल्ड्स एका दिवसात : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, या उन्हाळ्यात सासूसासरे येतायत आणि त्यांना कॉट्सवोल्ड्स, म्हणजे इंग्लंडमधला जुन्या दगडी गावांचा डोंगराळ भाग, दाखवायचंय, म्हणून हा धागा काढतेय. कुठे रमलात, काय वगळावं, सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते. पहिल्यांदा आम्ही एका दिवसात सहा गावं दाखवणारी बस टूर घेतली. बायबरीला मिळाली 25 मिनिटं, त्यातली दहा टॉयलेटच्या रांगेत गेली. बोर्टन-ऑन-द-वॉटरला विंडरश नदीवर बुटके दगडी पूल आहेत, पाणी घोट्याएवढं, लेक चपला काढून उतरणार तेवढ्यात गाईडने हाका मारल्या, रडत रडत बसमध्ये बसली बिचारी. पुढच्या वेळी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून दीडेक तासाची ट्रेन पकडून मोरटन-इन-मार्शला उतरलो, तिथून लोकल बस, दोनच गावं केली आणि लेक मनसोक्त खेळली.

---

आमचं घर सणगरांचं, सांगलीकडचं. आजोबांचा खड्डामाग होता, घोंगड्यांना चिंचोक्याची खळ लावायचं काम लहानपणी मी पण केलंय. वडील इकडे आले तेव्हा त्यांना बायबरीला नेलं. तिथली आर्लिंग्टन रो म्हणजे मधाच्या रंगाच्या दगडी घरांची ती फोटोतली रांग, मुळात 1380 च्या सुमाराची मठाची लोकर ठेवायची इमारत, 17व्या शतकात तिची विणकरांची घरं केली, आणि समोरच्या ओलसर जागेत कापड ताणून वाळवायचे म्हणून तिचं नाव रॅक आयल. हे सांगितल्यावर वडील फोटो काढायचे थांबले आणि नुसते बघत राहिले. मग म्हणाले, माग कुठं बसवत असतील रे एवढ्या खोलीत? दुपारी कॉट्सवोल्ड फार्म पार्कला गेलो. तिथे कॉट्सवोल्ड लायन जातीच्या मेंढ्या आहेत, याच लोकरीवर इथली चर्चेस आणि बाजारपेठा उभ्या राहिल्या. एप्रिल होता, कातरणी व्हायची होती, डोळ्यांवर झिपऱ्या आलेल्या. वडिलांनी एकीच्या पाठीवरची बट चिमटीत धरून हळूच ताणली, बोटाने लांबी मोजली, आणि म्हणाले आपली लोकर राठ, आखूड, ही बघ केवढी लांब, सूत काढायला किती सोपं गेलं असेल. त्या दिवशी आणखी कुठेही गेलो नाही आम्ही.

---

वर लोकरीचा विषय निघालाय म्हणून लिहितो, बर्फर्ड गाव चुकवू नका. उतारावरचा हायस्ट्रीट सगळे बघतात पण खाली नदीजवळचं चर्च बघायला पाहिजे. आवारात काही थडगी अशी आहेत की वरचा दगड गोल, खाचा पाडलेला, लोकरीच्या गठ्ठ्यासारखा, असं तिथले लोक मानतात. आत बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशावर एका कैद्याने नाव कोरलंय, अँथनी सेडली, 1649, आणि पुढे प्रिझनर शब्दातलं एक अक्षर गळालेलं. इंग्लंडच्या यादवी युद्धातला सेनानी क्रॉमवेल, त्याने लेव्हलर (समान हक्क मागणाऱ्या गटाचे) बंडखोर सैनिक इथे कोंडले होते, त्यातल्या तिघांना 17 मे रोजी चर्चच्या आवारातच गोळ्या घातल्या. त्या अक्षरांवर बोट ठेवलं तेव्हा अंगावर काटा आला.

---

मी तळेगावची. आमच्या शेजारी वडगावला 1779 मध्ये मराठ्यांनी इंग्रज फौजेला शरण आणलं, तेव्हा झालेला करार ज्याने मानला नाही त्या गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जची कबर स्टो-ऑन-द-वोल्डपासून जवळच डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात आहे. घराण्याच्या हातून गेलेली डेल्सफर्डची इस्टेट त्याने 1788 मध्ये परत विकत घेतली, 1818 मध्ये वारला. 1818, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली तेच साल. तिथे आम्ही दोघंच होतो, बराच वेळ काही बोलावंसंच वाटलं नाही.

---

आम्ही कोकणातले, मला घरांपेक्षा शेतांच्या कडेचे गडगे आवडले. अगदी आपल्यासारखेच, सिमेंट नाही की चुना नाही, दगडात दगड बसवलेला, फक्त जांभ्याऐवजी पिवळसर चुनखडी. छपरांवरही दगडाच्याच पातळ फरश्या असतात, खाली मोठ्या आणि वर जाताना लहान होत जातात, हे नक्की बघा. चिपिंग कॅम्पडनला 1627 चा मार्केट हॉल आहे, तिथली दगडी जमीन पार खाचखळग्यांची झालीये, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर हात धरून न्या.